पाठ कधी टेकता? : पुरंदरमधल्या प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

सकाळच्या एस.टी.नं सासवडहून गावात. परवा विधानसभेचं मतदान आहे, पारावर दुसरा विषय नाही. म्हणून आज कुणाला प्रश्न विचारले नाहीत. गावात माझ्याबरोबर प्रश्न विचारणाऱ्या आशाताईंच्या ओसरीवर बसून कागद पसरले.

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते. पुरंदर तालुक्यातलं हे एक गाव आणि सासवडमधली एक नवी वसाहत, दोन्हीकडच्या पस्तिशीपुढच्या बायकांची रोजची शारीरिक हालचाल मोजायची. त्याआधी प्रश्नावली मराठीत नीट बसवायची. या नोंदी त्या बसवण्याच्या आहेत, निष्कर्षांच्या नाहीत.

प्रश्नावली जागतिक आरोग्य संघटनेची, 'जीपॅक' म्हणतात ती. १६ प्रश्न. काम, जाणंयेणं आणि मोकळा वेळ असे हालचालीचे तीन भाग, आणि शेवटी बसण्याचा एक प्रश्न. मध्यम श्रमाच्या प्रत्येक मिनिटाला ४ आणि भारी श्रमाच्या मिनिटाला ८ नं गुणायचं. या आकड्याला मेट म्हणतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर जेवढी ऊर्जा वापरतं तो १ मेट. आठवड्याची बेरीज ६०० मेट-मिनिटांच्या खाली आली की माणूस 'अपुरा सक्रिय'. आमच्या हाती आलेल्या भाषांतरात 'मध्यम तीव्रतेची शारीरिक क्रिया' असं आहे. आशाताईंनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं आणि म्हणाल्या, "ताई, हे मी कुणाला विचारू?"

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज चौघींना विचारलं. चौघीही झटपट उत्तर देऊन मोकळ्या झाल्या. 'तुमच्या कामात असं श्रमाचं काही असतं का?' "मी नाही काम करत, घरीच असते." हे सांगणाऱ्या मावशींनी पहाटे दोन म्हशींच्या धारा काढल्या होत्या, शेण काढलं होतं, वैरण आणली होती आणि धुणं आटोपून त्या आमच्यासमोर बसल्या होत्या. मूळ प्रश्नावलीत घरकाम, बिनपगारी श्रम, पीक काढणं हे सगळं 'कामा'तच धरायला सांगितलंय. पण मराठीत बाईनं 'काम' म्हटलं की त्यात रोजगार येतो. बाकीचं 'घरचं'. तेव्हा पहिला बदल: 'काम' हा शब्द एकटा वापरायचा नाही. 'घरचं, गोठ्यातलं, रानातलं' असं तीनदा विचारायचं.

'मोकळा वेळ' हा शब्दही अडला. एकीनं विचार करून सांगितलं, "लाईट गेली की." यात विनोद नव्हता. शेतीपंपाची लाईट या आठवड्यात रात्रीची आहे. नवरा दारं धरायला रानात जातो तेव्हा तीही बॅटरी घेऊन जाते. रात्री वीज मध्येच गेली तर दोघं बांधावर टेकतात.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

श्रम कमी की जास्त हे ओळखायची खूण म्हणजे श्वास. प्रश्न असा आहे, की या कामानं श्वासाचा वेग वाढतो का. 'दम लागतो का?' असं केलं, तर एक काकू घाईघाईनं म्हणाल्या, "नाही हो, देवाच्या दयेनं तसलं काही नाही." 'धाप लागते का?' म्हटलं तर सासऱ्यांच्या हृदयाच्या दुखण्याची हकिगत निघाली. दम आणि धाप हे आपल्याकडे आजाराचे शब्द आहेत. श्रमानं दम लागणं म्हणजे आपण थकलो, खचलो अशी कबुली वाटते, आणि ती द्यायला बायका तयार नसतात.

व्यायामशास्त्रात 'बोलण्याची चाचणी' म्हणून एक साधी युक्ती आहे. हालचाल चालू असताना बोलता येतं पण गाता येत नाही, तर ती मध्यम. चार शब्दांपलीकडे बोलता येत नाही, तर भारी. हे इथं पटकन समजलं. "काम चालू असताना गाणं म्हणता येतं, की नुसतं बोलता येतं, की तेही नाही?"

त्यावर सत्तरीच्या आक्कांनी हरकत घेतली. जात्यावर त्या ओव्या म्हणत, आणि दळण काही हलकं काम नव्हतं. खरंय. मग त्यांनीच उलगडून सांगितलं: जात्याला दोघी असायच्या, एक ओवी म्हणायची तेव्हा दुसरी खुंट्याला जोर द्यायची. मी हे तीन वेळा लिहून घेतलं. या गावात गिरणी आली तेव्हा आक्का नव्या नवऱ्या होत्या. तोपर्यंतच्या पहाटेच्या श्रमाचं माप कुणीच घेतलेलं नाही.

वेळेचंही तसंच. मिनिटांत कुणी सांगत नाही. 'डेअरीला दूध घालायच्या आधी', 'शाळेची घंटा झाल्यावर', 'मुक्कामी गाडी आल्यावर' असं सांगतात. आशाताईंनी या खुणांचा तक्ता केला आणि प्रत्येकीसमोर घड्याळातली वेळ लिहिली. माझ्या आठ दिवसांच्या कामापेक्षा तो तक्ता जास्त उपयोगी आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

यंत्राचा दिवस. कंबरेला लावायचा छोटा त्वरणमापक, म्हणजे हालचाल टिपणारं यंत्र, चौघींना दिला. प्रश्न आला, लावायचा कुठं? घरात गाऊन, त्याला पट्टा नाही. रानात जाताना साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, मग कनवटीला खोचायचा. एकीचा धुण्याच्या दगडावर राहिला, तो दुपारी सापडला. मनगटावर बांधावा तर बांगड्या.

त्याहून मोठी अडचण नोंदीतच दिसली. कंबरेचं यंत्र कंबर हलली तरच हलतं. भाकरी थापताना, कपडे आपटताना, खुरपताना सगळं हात आणि खांदे करतात. डोक्यावर भरलेला हंडा असो की नसो, यंत्राला चाल सारखीच. आक्कांच्या सुनेनं वीस भाकरी थापल्या तो पाऊण तास यंत्रानं जवळजवळ स्वस्थ बसल्याचा दाखवला.

गावातल्या तरुण मुलांच्या फोनवर रोजची १०,००० पावलं मोजणारी ॲप आहेत आणि ते मला तोच आकडा विचारतात. तो प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये जपानमध्ये एक पाऊलमापक विकायला आला, त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलं मोजणारा' असा होता. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या सुमारे १७,००० बायकांवरचा अभ्यास आला. रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोका २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४१ टक्के कमी होता, आणि ७,५०० च्या आसपास फायदा वाढायचा थांबला. थोडं चालणाऱ्याला यातून धीर मिळतो. मुलांना हे सांगितलं तेव्हा एकानं आईला फोन करून लगेच कळवलं, त्याचं मला बरं वाटलं.

११ डिसेंबर, बुधवार

फील्ड नाही. घरी वाचन. या शास्त्राची सुरुवात ज्या अभ्यासानं झाली तो पुन्हा नीट वाचला. लंडनच्या दुमजली बसमधले ड्रायव्हर आणि कंडक्टर. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडन ट्रान्सपोर्टच्या सुमारे ३१,००० पुरुष कामगारांच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापल्या. कंडक्टर दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढायचा. ड्रायव्हर बसून असायचा. दोघांची बस एक, रस्ता एक, पण हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी आणि झालाच तर उशिरा, सौम्य. टपाल वाटणारे पोस्टमन आणि टेबलावर बसणारे कारकून यांच्यातही तसाच फरक निघाला.

मला आवडतो तो पुढचा भाग. मॉरिस तिथं थांबले नाहीत. ड्रायव्हर मुळातच वेगळ्या अंगकाठीचे असतील तर? त्यांनी गणवेशाच्या नोंदी काढल्या. ड्रायव्हरच्या पँटची कंबर कंडक्टरपेक्षा मोठी, आणि हा फरक तरुण वयापासूनच. १९५६ मध्ये तेही छापलं. आपल्याच निष्कर्षाला पाडू शकेल असा पुरावा माणूस स्वतः शोधायला जातो, तेही शिंप्याच्या वहीत, ही मला या कामातली सर्वांत मोठी शिकवण वाटते. मॉरिस २००९ मध्ये वारले तेव्हा त्यांचं वय ९९ होतं.

मुंबईत 'बेस्ट'च्या जुन्या दुमजली गाड्या २०२३ पर्यंत धावत होत्या. कंडक्टर मामांचे गुडघे त्या जिन्यानं किती झिजले, हे कुणी विचारलं असेल का, असं आज वाचताना मनात आलं. पायरी हृदयाला चांगली असते, पण गुडघ्याचं खातं वेगळं असतं.

१९ डिसेंबर, गुरुवार

आजची नोंद सविस्तर लिहिते, कारण आज आमची एक ढोबळ चूक सापडली.

कांद्याची लागण जोरात आहे. बायकांची टोळी उक्तं घेते, वाफे ठरवून. आज मी सकाळी साडेआठपासून त्यांच्याबरोबर रानात होते. वाफ्यात पाणी सोडलेलं, चिखलात उकिडवं बसायचं, डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताच्या अंगठ्यानं रोप दाबायचं, बसल्याबसल्या मागं सरकायचं. मी अर्धा वाफा लावला आणि उठताना दोघींनी हात दिला.

जेवणाच्या सुट्टीत बांधावर प्रश्नावली काढली. शेवटचा प्रश्न: 'दिवसातून किती वेळ बसून असता?' टोळीची मुकादम सहज म्हणाली, "दिवसभर बसूनच असतो की आम्ही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. आणि मला एकदम गेल्या तीन आठवड्यांचे कागद आठवले. आम्ही 'बसून काम' असं उत्तर आलं की तास बैठेपणाच्या रकान्यात टाकत होतो!

बांधावरच हिशेब केला. मुकादमबाई आठवड्यातून सहा दिवस, जेवण वगळून सहा तास लागण करते. ३६० मिनिटं गुणिले ४ गुणिले ६, झाले ८,६४० मेट-मिनिटं. शेतावर जाऊनयेऊन ४० मिनिटं चाल, तिचे ९६०. एकूण ९,६००. किमान मर्यादेच्या सोळा पट. पण तिची लागण 'बसणं' म्हणून गेली तर उरतात नुसते चालण्याचे ९६०. आणि तिच्याच टोळीतल्या जिचं घर रानाला लागून आहे, तिच्याकडे चालणंही नाही. ती कागदावर 'अपुरी सक्रिय' ठरते आणि आम्ही तिला रोज अर्धा तास चालायला सांगतो.

मराठीत एक 'बसणं' नाही. उकिडवं बसणं, मांडी घालून बसणं, फतकल मारून बसणं, पाय सोडून बसणं, टेकणं. इंग्रजी प्रश्नाला खुर्ची दिसते. इथं खुर्ची पाहुण्याला देतात.

दुसरी गोष्ट याहून जड आहे. हिशेब बरोबर केला तर मुकादमबाई तालुक्यातली सर्वांत 'निरोगी जीवनशैली'ची बाई ठरेल. तिचे गुडघे धरलेत, कंबर रात्री भरून येते, आणि डोळ्यांच्या आतली कडा पांढुरकी दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला होता. ९,६०० हा आकडा तिच्यापुढे आरोग्याचं प्रमाणपत्र म्हणून ठेवायला माझा हात धजणार नाही.

३० डिसेंबर, सोमवार

सोमवती अमावास्या. गावातलं निम्मं माणूस जेजुरीला. मीही आशाताईंबरोबर गेले, वही पिशवीत ठेवूनच. पालखी कऱ्हेवर स्नानाला उतरते ती वाट माणसांनी भरलेली, भंडाऱ्यानं पिवळी. साठी ओलांडलेल्या बायका गड चढतात, मध्ये थांबतात, पुन्हा चढतात. 'मोकळ्या वेळेतली हालचाल' कोणत्या रकान्यात शोधत होतो आपण? वारी, गड, जत्रा, प्रदक्षिणा यांचा प्रश्न वेगळा हवा. पण वर्षातून काही दिवसांचं हे चालणं आठवड्याच्या सरासरीत घालून फुगवायचं नाही, एवढं मी बजावून ठेवते.

८ जानेवारी २०२५, बुधवार

पुण्यात आमच्या प्रकल्पाच्या मॅडमना भेटले. मुकादमबाईचा हिशेब दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग कपाटातून २००३ चा एक शोधनिबंध काढला. पुण्याजवळच्या सहा गावांमधला, आघारकर संशोधन संस्थेच्या शोभना राव आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या गटाचा. सुमारे ८०० गरोदर बायका. त्यांनी रोजच्या श्रमांची प्रश्नावली गावातल्या कामांवरूनच तयार केली होती. ज्या बायकांना गरोदरपणात श्रम जास्त, त्यांच्या बाळांचं जन्मवजन कमी, डोक्याचा आणि दंडाचा घेरही कमी. म्हणजे आपल्याच जिल्ह्यात दोन दशकांपूर्वी हे कुणीतरी नीट मोजून ठेवलंय, की कमी खाणाऱ्या आणि जास्त राबणाऱ्या बाईला आणखी हालचालीची नाही, उसंतीची गरज असते.

२०१८ मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून आणखी एक गोष्ट पुढं आली: कामावर भारी श्रम करणाऱ्या पुरुषांमध्ये लवकर मृत्यूचा धोका हलकं काम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्के जास्त. फिरायला जाणारा आपल्या मर्जीनं थांबतो, घरी येऊन पाणी पितो. हमाल, मजूर तासन् तास थांबू शकत नाही, ओझं उचलताना रक्तदाब चढाच राहतो, आणि रात्रभरात अंग भरून निघत नाही. बायकांमध्ये मात्र त्या आकड्यांत असा संबंध दिसला नाही. मॅडमनी तिथंच बोट ठेवलं: ते बहुतेक अभ्यास श्रीमंत देशांतले आहेत, उकिडवं बसून चिखलात राबणारी बाई त्यांत कितीशी असणार.

निघताना केईएमच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट निघाली. २००४ मध्ये त्यांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्याबरोबर 'लॅन्सेट'मध्ये दोघांचीच तुलना छापली. दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. युडकिन मॅरेथॉन धावणारे. दिसायला किडकिडीत माणसाला साखर कशी, हा गावातला नेहमीचा प्रश्न. आशाताईंना उद्या हीच गोष्ट सांगणार.

१६ जानेवारी, गुरुवार

सासवडच्या वसाहतीत संक्रांतीचं हळदीकुंकू. तिळगूळ, वाण म्हणून चहाची गाळणी, आणि त्यानंतर आमचे प्रश्न.

इथं चित्र उलटं आहे. यातल्या बऱ्याचजणी गावाकडून आलेल्या. लिफ्ट, कपडे धुवायचं यंत्र, दाराशी भाजीवाला, मुलाला सोडायला स्कूटी. एक ताई म्हणाली, "गावाला होते तेव्हा चालणं वेगळं करावं लागत नव्हतं." चालावं असं सगळ्यांना वाटतं. पण वसाहतीबाहेर पदपथ नाही, जेजुरीकडे जाणारे ट्रक अंगावरून जातात, संध्याकाळी दिवे नाहीत, कुत्री आहेत. शिवाय विनाकारण रस्त्यावर दिसलं की कुणीतरी विचारतं, "कुठं निघालात?" त्याला उत्तर लागतं. म्हणून त्या जेवणानंतर गच्चीवर शतपावली करतात, टाकीभोवती. मी मोजून पाहिलं, एका फेरीला २२ पावलं.

२०१४ मध्ये आयसीएमआर-इंडियाब या देशातल्या मधुमेह पाहणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातल्या चार प्रदेशांत महाराष्ट्र होता आणि प्रश्नावली हीच, जीपॅक. फावल्या वेळात कसलीच हालचाल न करणारे महाराष्ट्रात ९१.३ टक्के निघाले. चारही प्रदेश मिळून शहरी भागात निष्क्रिय ६५ टक्के, ग्रामीण भागात ५०. गेल्या वर्षीच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातल्या ४९.४ टक्के प्रौढांची हालचाल अपुरी होती. २००० मध्ये हाच आकडा २२.३ होता. बायकांमध्ये ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२. कांद्याच्या वाफ्यात उभं राहून ५७ वर विश्वास बसत नाही. गच्चीवरच्या टाकीभोवती तो लगेच बसतो. यातला काही भाग 'घरीच असते' आणि 'बसूनच असतो' अशा उत्तरांनी फुगला असेल, पण त्या नावाखाली सगळा आकडा झटकून टाकणं ही या ताईंशी बेइमानी होईल.

२७ जानेवारी, सोमवार

काल प्रजासत्ताक दिनाची ग्रामसभा. सरपंचांनी आम्हाला पाच मिनिटं दिली. मी ठरवून गेले होते, की शाळेचं मैदान संध्याकाळी बायकांना चालायला खुलं करा असं मागायचं. बोलायला उभी राहायच्या आधी मुकादमबाईकडे पाहिलं आणि ते वाक्य घशातच राहिलं. ती मागणी वसाहतीची होती, इथली नव्हती.

मग बायकांनाच बोलू दिलं. त्यांनी मागितलं ते असं: रानाच्या वाटेवर झाडाखाली एक ओटा, दुपारी टेकायला. रक्ततपासणी लागणीच्या हंगामात सकाळी दहाला ठेवू नका, संध्याकाळी ठेवा. आणि खुरपणीसाठी उभ्यानं चालवायची कोळपी गटाला मिळाली तर पाहा. सरपंचांनी ओट्याचं लगेच मान्य केलं. तपासणीच्या वेळेचं आशाताईंनी लिहून घेतलंय. कोळप्यांवर चर्चा राहिली, तिचा पाठपुरावा मी करणार.

पुरुष मागं उभे होते. बांधापर्यंत मोटरसायकल, नांगरटीला ट्रॅक्टर, वैरणीला कडबाकुट्टी. गावात हालचाल कुणाची कमी झाली असेल तर ती यांची, असा माझा अंदाज आहे. पण आमचा प्रकल्प बायकांपुरता आहे. पुढच्या अर्जात पुरुष घ्यायलाच हवेत.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रथसप्तमी. झेडपी शाळेच्या गुरुजींनी चित्रांची कार्डं पुरी करून दिली: धारा, शेणगोठा, मोळी, हंडा-कळशी, आपटून धुणं, खुरपणी, लागण, वैरणीचा भारा. बसण्याची वेगळी पाच. मूळच्या कार्डांवर सायकल आणि पोहणं होतं.

नवी प्रश्नावली अशी झाली. 'बसणं' काढलं. त्याऐवजी दोन प्रश्न: 'हात रिकामे ठेवून किती वेळ बसता?' आणि 'दिवसा पाठ कधी टेकता?' श्रमाची मिनिटं तशीच मोजायची, नाहीतर इतर अभ्यासांशी तुलना होणार नाही. पण विश्रांती, रक्तातलं हिमोग्लोबिन आणि गुडघा-कंबर यांच्या नोंदी त्याच पानावर, शेजारी. नुसता मेटचा आकडा अहवालात एकटा जाऊ द्यायचा नाही, हे मॅडमनी मान्य केलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

४० प्रती छापून आणल्या. पहिली आक्कांच्या सुनेला. कार्डं तिनं भराभर लावली, लागणीचं कार्ड हातात घेऊन 'हे माझंच' म्हणाली. सगळं मिळून २५ मिनिटं लागली, पूर्वीच्या निम्मी.

पाठ टेकण्याच्या प्रश्नाला ती थांबली. दाराकडे पाहिलं, सासू ऐकत नाही ना. "मुक्कामी गाडी आल्यावर." म्हणजे आशाताईंच्या तक्त्यानुसार रात्रीचे साडेनऊ. मी विचारलं, दिवसा? तिनं चित्रं गोळा करून नीट गठ्ठा केला, माझ्या हातात दिला आणि चहा ठेवायला आत गेली. रकान्यात शून्य लिहिलं.

उद्या वाडीवरच्या सहा घरी. रक्ततपासणी संध्याकाळी पाचला, शाळेच्या व्हरांड्यात. हिमोग्लोबिनच्या पट्ट्या कमी आहेत, सकाळी सासवडहून आणायच्या.